सत्यभामाने लिहिलेला हिवरदरीचा इतिहास

हिवरदरीच्या वाचनालयाची किल्ली सत्यभामा पाईकरावकडे असायची. ती फुलसावंगीला बारावीपर्यंत शिकलेली, म्हणून गावात इंग्रजी कागद आला की तिच्याकडेच जायचा. २००६ साली कापसाचे हाल पाहायला बाहेरचे लोक सारखे येत होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्या इंग्रज बाईने परत गेल्यावर एक पातळ पुस्तिका धाडली. तिच्या गावाचा इतिहास आणि तिथल्या सोयी. तुमच्या गावाचंही असंच लिहून पाठवा, अशी सोबत चिठ्ठी. सरपंच रामरावांनी ते सगळं सत्यभामापुढे ठेवलं आणि मोकळे झाले.

शब्दकोश घेऊन ती आठ दिवस बसली. अर्थ लागत गेला तशी ती जास्तच गोंधळली. विलायतेतलं गाव म्हणजे काय कमी असणार! पण त्या बाईच्या गावाची वस्ती दोनशे चौदा माणसांची. बस फक्त मंगळवारी. दुकान बंद, पोरं नाहीत म्हणून शाळाही बंद. दारू प्यायची जागा मात्र सोयींमध्ये धरलेली, आणि रस्त्याकडेचा एक बाकसुद्धा. काही पानं गळाली की काय, म्हणून तिने शिवण तपासली.

मग आपल्या गावाचं काय लिहावं? नर्सबाई आठवड्यातून एकदा येते, ती सोय म्हणावी की गैरसोय, तिला ठरवता येईना. इतिहासाचं तर त्याहून अवघड. रामराव म्हणाले, गाव त्यांच्या खापरपणज्याने वसवलं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची हंसाबाई म्हणाली, त्याच्या आधी आमचे बैल इथे उतरत होते. सत्यभामाचे सासरे भीमराज यांनी वेगळंच सांगितलं. गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, म्हणून आपल्या बावीस घरांनी कातळ फोडून स्वतःची विहीर खणली.

तिने तिन्ही गोष्टी सांगणाऱ्याच्या नावासकट लिहिल्या. रामराव वाचता वाचता विहिरीपाशी थांबले.

"हे कायले सांगतं बाहेरच्याले?"

"भाऊ, त्यायनंबी लिवलं हाय," ती म्हणाली. "त्यायच्या जमीनदारानं गायरानाले कुंपण घातलं अन् गरिबायले हाकललं. छापून देलं त्यायनं. मंग आपुन काहून लपवाचं?"

रामराव बराच वेळ पुस्तिका चाळत राहिले. त्यातलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी सही केली, शिक्का मारला, पण चहा न घेताच उठून गेले. ते रागावले की त्यांना पटलं, हे सत्यभामाला कळलं नाही.

सत्यभामाने शब्दकोश धरून केलेलं इंग्रजी सोबत जोडलं आणि ढाणकीच्या पोस्टातून पाकीट गेलं. उत्तर काही आलं नाही. पण महिन्याभराने हंसाबाई वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसली. तिला सात पिढ्यांची नावं आठवली होती.

"पाकीट तं गेलं, याडी," तांड्यावर आईला म्हणतात तशी हाक देत सत्यभामा म्हणाली.

"मंग आपल्यासाठी लिव."

सत्यभामाने नवी वही काढली. गाव खरं कुणी वसवलं ते तिला अजूनही उमगलं नव्हतं. तिने पहिलं नाव विचारलं.