छावणीतला ऊस

दगडाबाईचा आवाज असा, की मंडपातल्या शेवटच्या रांगेत पेंगणारा गडीही ताठ बसावा. त्या दुष्काळाच्या साली तर तो सदा चढलेलाच होता. पावसावर चिडून झालं, कोरड्या धरणावर चिडून झालं, आणि मग सगळा राग येऊन थांबला तो सुनेच्या रक्तातल्या साखरेवर.

सून जानकी दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिलं बाळ पोटात फार वाढलं, अडलं आणि गेलं. का गेलं, ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. या खेपेला केजजवळच्या आरोग्य केंद्रातल्या विमल सिस्टरनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, गरोदरपणातली साखर आहे. बाळंतपणानंतर बहुतेकींची उतरते, पण तोवर आवरली नाही तर मागच्यासारखं व्हायची भीती आहे. दगडाबाईच्या कानात शिरलं ते एवढंच, मागच्यासारखं.

त्या दिवसापासून घरात तिचा अंमल सुरू झाला. साखरेचा डबा शेजारच्या मंजुळाबाईकडे गेला, गुळाची ढेप त्याच्या मागोमाग. उपाशी ठेवायचं नाही, थोडं थोडं पण वेळेवर द्यायचं, असं सिस्टरनी बजावलं होतं. म्हणून सकाळी ज्वारीची भाकरी न् मोड आलेली मटकी, मधल्या वेळेला मूठभर फुटाणे, दुपारी हुलग्याचं वरण न् शेवग्याच्या पाल्याची भाजी. गावात हिरवं म्हणून जे काही उरलं होतं ते शेवग्यावरच. जेवण झालं की सुनेला पुढं घालून ती वेशीपर्यंत चालवायची. मंजुळाबाई एकदा कौतुकानं पेढा घेऊन आली, तर दगडाबाईनं तो तिच्याच तोंडात कोंबला आणि वर म्हणाली, गोड बोलायला तरी शिक.

तरी साखर उतरेना. पुन्हा तपासलं, आकडा तिथंच. सिस्टर म्हणाल्या, आता अंबाजोगाईच्या डॉक्टरांना दाखवू, इन्सुलिन लागेल असं दिसतंय. दगडाबाईनं तिथंच सुनेवर तोंड सोडलं. चोरून खातेस म्हणाली, तिची आई काढली, सगळं माहेर काढलं. जानकी खाली मान घालून ऐकत होती. शेवटी डोळे पुसत एवढंच बोलली, "आत्याबाई, तुमी देता तेच खाते मी. दुसऱ्या कुनाच्या हातचं पानीबी घेत न्हाई."

सिस्टरनी दोघींना बाकावर बसवलं आणि सकाळपासून पोटात काय काय जातं ते विचारायला घेतलं. दगडाबाईनं पाठ केल्यासारखं घडाघडा सांगितलं. मग सिस्टरनी विचारलं, ही दिवसभर असते कुठं?

असणार कुठं? छावणीत. जानकीचा नवरा शहादेव मजुरीला पुण्याकडं गेलेला. गाय आणि बैलजोडी घेऊन सासू-सून दूध संस्थेच्या चारा छावणीत बसायच्या.

"तिथं तहान लागली तर?"

"कांडं चघळती. म्याच सोलून देते."

सिस्टर लिहायच्या थांबल्या. "उसाचं?"

"मग? बैलाला ट्रकनं येतो त्यातलं. नुसतं पानी तर असतंय त्यात."

"अहो, गोड असतो ना ऊस."

"गोड तर गाजरबी असतंय. साखर तर कारखान्यात तयार व्हती, बाई."

सिस्टर हसल्या नाहीत. समोर बसलेल्या बाईचा उभा जन्म उसाच्या फडात गेला होता. कोयता चालवला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरल्या. कारखान्याच्या आत मात्र तिला कुणी कधी जाऊ दिलं नव्हतं. दुधाला विरजण लावून दही करतात, तसं आत उसाला काहीतरी लावून साखर करत असतील, असा तिचा समज. सिस्टरनी समजावलं, की साखर उसातच असते, कारखाना फक्त पाणी उडवून तिला वेगळी काढतो.

दगडाबाई बाहेर पायरीवर जाऊन बसली. सुनेला मी माझ्या हातानं, माझ्या कोयत्यानं... पुढचं तिला म्हणवेना. आणि मग, रस्त्यावरून जाणारा टँकर बघता बघता, तिचा राग वळला. कांडं द्यायची पाळी का आली? छावणीत माणसाला प्यायला पाणी नाही म्हणून. घरून नेलेली कळशी दुपारच्या आत संपायची. टँकर रोज यायचा, पण हौदातलं पाणी फक्त जनावरांचं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा संस्थेचे चेअरमन सुंदरराव पांढऱ्या कपड्यात शेजारीच उभे होते. दगडाबाईनं नळाखाली घागर लावली. राखणदार बद्रीनाथनं ती पायानं सरकवली.

"दगडाबाई, मंजुरी जनावरांची हाय," सुंदरराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "कागदावर मानसं न्हाईत. मी तरी काय करू?"

"कागदावर न्हाईत व्हय? मग सुनंला दावनीला बांधते. तिच्याबी कानात बिल्ला ठोका. दोन जिवाची हाय, दोन बिल्ले ठोका. मंग पाजाल का पानी?"

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. दावणीदावणीतून बाया उठल्या, आपापली भांडी घेऊन नळापाशी येऊन उभ्या राहिल्या. सुंदररावांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा रस्त्याकडं, आणि बद्रीनाथला म्हणाले, "भरू दे."

दगडाबाईनं आभार मानले नाहीत. पुढं माणसांसाठी वेगळी टाकी बसली, तेव्हाही ती म्हणाली, उपकार केले व्हय!

ऊस सुटला तशी साखर उतरत गेली. पुरती नाही. थोडं इन्सुलिन घ्यावंच लागलं, आणि ती सुई टोचायला दगडाबाई शिकली, प्रत्येक वेळी सुईच्या नावानं बोटं मोडत.

बाळंतपण अंबाजोगाईला झालं. मुलगी झाली, बेताच्या अंगाची, रडकी. थोड्या वेळानं नर्सनं तिच्या टाचेला बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. आईला साखर होती म्हणून बाळाचीही बघावी लागते, असं ती सांगत होती, पण ऐकायला दगडाबाई जागेवर होती कुठं?

"हात मोडला तुझा! जगात येऊन घटका झाली न्हाई आन् टोचती व्हय लेकराला?"

"आजी, बाळाची साखर चांगली आहे. घ्या आता."

दगडाबाईनं नात हिसकावूनच घेतली, पदराखाली धरली, आणि त्या एवढ्याशा टाचेवर फुंकर घालत नर्सच्या सात पिढ्या उद्धरायला बसली.