दामूभाऊंनी मशीन पसंत केली

मशीन घ्यायला जाताना माणूस सोबत एखादा मिस्त्री नेतो. आमच्या दामूभाऊंनी बायकोला नेलं, आणि तेही भांडायला. या नाटकाचा मी पहिल्या रांगेतला प्रेक्षक. गाडी माझी होती ना!

वरोऱ्यात आमच्या शेजारी दामूभाऊ सागवानाच्या फळ्यांतून मोर, गणपती, नावाच्या पाट्या कापत. सगळं हातकरवतीनं. ओसरीवर त्यांचं कापणं चाले आणि शेजारी स्टुलावर बसून भाजी निवडत त्यांच्या बायकोचं, कौसल्याबाईंचं बोलणं. "अजी, हा मोर हाय का कोंबडा?" असं बाईंनी विचारलं की भाऊंना हुरूप येई. "टोकणारं कोणी नसलं तं माहा हात आळशी होते," ते म्हणत.

मग भाऊंचा अंगठा दुखायला लागला. त्याच सुमारास गळ्याचं ऑपरेशन होऊन बाईंचा आवाज चिमणीएवढा उरला. हाताला आराम म्हणून विजेवरची स्क्रोल सॉ घ्यायचं ठरलं. तिचं बारीक पातं आपलं आपण खालीवर होतं, आपण फक्त फळी वळवायची. भाऊंना धास्ती एकच. "मशीन घरघरली तं हिचं बोलणं मले आयकू येईन का?"

चंद्रपूरच्या दुकानदारानं सगळ्यात दांडगी मशीन दाखवली. भाऊ तिच्यापुढे बसले, बाईंना शेजारी बसवलं आणि म्हणाले, "हं, दे शिव्या!"

"इथी? दुकानात?"

"घरी लाज नाई वाटत, इथी काऊन वाटून राह्यली?"

दुकानदारानं मशीन सुरू केली. बाईंचे ओठ हलले. शब्द एकही पोचला नाही. "नापास!" भाऊंनी जाहीर केलं. दुसरी मशीन अशी थरथरली की दुकानदाराचा चहाचा ग्लास टेबलावरून चालायला लागला. तिला बाईंनीच हात झटकून नापास केलं. तिसरी ठेंगणी, जड बुडाची. वेग कमीजास्त करायला बटण, चालू-बंद करायला पायाखाली पेडल. भाऊंनी वेग उतरवला, फळी सरकवली. एव्हाना बाई खरोखरच तापल्या होत्या.

"सकाळपासून पोटात घास नाई, अन् हा माणूस मशीनी फिरवून राह्यला!"

भाऊंनी पाय उचलला. चेहरा नवरदेवासारखा फुललेला. "आयकू आलं! सारं आयकू आलं! हीच बांधा."

"भाऊ, हिचा स्पीड कमी आहे," दुकानदार म्हणाला.

"मले कुठी गाडी पकडाची हाय?"

त्या मशीनवर पुढे कितीतरी मोर झाले. थोडे कोंबडेही. मागच्या हिवाळ्यात भाऊ झोपेतच गेले, आणि ओसरी एकदम गप्प झाली.

परवा एक सुतार मशीन विकत मागायला आला. बाईंनी त्याच्या मागे दाराकडे पाहिलं.

"एकटेच आले?" त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

"हो बाई. मशीनच तं पाहायची हाय."

"मंग घरच्या बाईले घेऊन या." बाईंनी मशीनशेजारचं आपलं स्टूल पदरानं पुसलं. "हे बी मशीनीसंगच जाते."