अकोल्याचा पहिला रोडगा

नाव : शेषराव मारोतराव निंभोरकर. वय : एकाहत्तर पूर्ण. हुद्दा : संस्थापक-अध्यक्ष, विवेक बैठक, अमरावती. पूर्वपद : विज्ञान शिक्षक, निवृत्त. धर्म : रकाना कोरा सोडला आहे, नजरचुकीने नव्हे. ओळखीची खूण : उजव्या हाताची तर्जनी, बहुधा वर. सदर इसम गेली एकोणीस वर्षे दर रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा या वेळेत, देव, दैव व नवस यांच्या साहाय्याविना माणसांनी एकत्र कसे राहावे याविषयी नागरिकांना मार्गदर्शन करीत असून, त्यास नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभत असल्याचे अध्यक्षांनी स्वतः प्रमाणित केले आहे.

प्रतिसाद म्हणजे अकरा माणसं. कॉलनीतल्या वाचनालयाचा मागचा हॉल, चाळीस खुर्च्या. पहिल्या रांगेत नत्थुजी, वय त्र्याऐंशी, जे पाचव्या मिनिटाला झोपत आणि चहाला उठत. बाकीचे जागे राहत. पण काही बोलत नसत. बोलायचं काम अध्यक्षांकडे होतं. मत्सर या विषयावरसुद्धा त्यांचं दोनदा व्याख्यान झालं होतं, माकडांच्या उदाहरणांसह. तो उत्क्रांतीने मागे सोडलेला अवशेष आहे, शेपटीसारखा, असं त्यांनी दोन्ही वेळा सिद्ध केलं होतं.

त्या अकरांत त्यांची बायको सत्यवतीबाई कधीच नव्हत्या. त्या नांदगाव खंडेश्वरच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. लग्न करून आल्या तर घरात देव्हाराच नव्हता. चहा सुटावा तशी पूजा सुटली. मुलीचं नाव आरती आहे. ते आजीने ठेवलं, त्या आठवड्यात शेषराव प्रशिक्षणाला गेले होते. बैठकीचा चहा एकोणीस वर्षं सत्यवतीबाई थर्मासात भरून पाठवत आल्या. स्वतः आल्या नाहीत. शेषरावांनी याला विचारस्वातंत्र्य असं नाव दिलं होतं आणि ते आपण बायकोला दिलं, याचा त्यांना माफक अभिमानही होता.

डिसेंबरात सत्यवतीबाईंची थोरली बहीण लीलाबाई गेली. त्या मन रमवायला आरतीकडे अकोल्याला गेल्या आणि आरतीने त्यांना एका रविवारी संध्याकाळी माणूसमेळ्याला नेलं. माणूसमेळा म्हणजेही देवाधर्माशिवाय जमणारी माणसंच. गाणी म्हणतात, एकमेकांचं ऐकतात, जेवतात. मग त्या दर पंधरवड्याला जाऊ लागल्या. शनिवारी दुपारची एसटी, बरोबर लिंबाच्या लोणच्याची बरणी.

"आरतीला एवढं लोणचं?" शेषरावांनी एकदा विचारलं.

"आरतीले नाही. आमच्या मेळ्यात नेऊन राहिली."

आमच्या. हा शब्द शेषरावांना दोन दिवस लागून राहिला. सत्तेचाळीस वर्षांत सत्यवतीबाई 'तुमची बैठक' म्हणत आल्या होत्या, 'तुमची शाळा' म्हणत आल्या होत्या, रागात असल्या तर 'तुमची मुलगी'सुद्धा. आमचं असं काही त्यांच्या तोंडून क्वचितच यायचं.

मेळा चालवणारा कोण, हे कळल्यावर तर शेपटीचा अवशेष चांगलाच वळवळला. शेखर! मोटरपंप दुरुस्त करणारा, एकेकाळी सातवीत त्यांचाच विद्यार्थी, पुढे विवेक बैठकीत तिसऱ्या रांगेत सहा वर्षं बसलेला. सहा वर्षांत एक प्रश्न विचारला नाही पठ्ठ्याने. देव नाही हे त्याला शेषरावांनी सांगितलं. म्हणजे माल शेषरावांचा आणि दुकान शेखरचं. आणि दुकानात साठ-साठ माणसं.

सत्यवतीबाई भाजी निवडताना काहीतरी गुणगुणू लागल्या होत्या. प्रवासाच्या दिवशी त्या अबोली रंगाची साडी नेसत, जी आरतीच्या लग्नानंतर कपाटातून निघाली नव्हती. शेषरावांनी या बाबी वैज्ञानिक तटस्थतेने नोंदवल्या आणि दोन्ही नोंदींच्या रात्री त्यांना झोप आली नाही.

शेवटी एप्रिलातल्या एका रविवारी, सकाळचं व्याख्यान पंधरा मिनिटं आधीच आटोपून, त्यांनी अकोल्याची एसटी धरली. वेशांतराची अडचण नव्हती. एप्रिलात अकोल्यात निम्मं गाव डोक्यातोंडाला दुपट्टा बांधूनच हिंडतं. नुसते डोळे दिसतात. शेषरावांनीही बांधला, वरून काळा चष्मा लावला. आपण निरीक्षणाला जात आहोत असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि स्वतःने ते मान्य केलं.

मेळा गावाबाहेर एका मळ्यात, निंबाखाली भरला होता. बाजूला गोवऱ्या पेटल्या होत्या आणि चार-पाच पुरुष कणकेचे रोडगे भाजत होते. रोडगे! शेषरावांना मनातून बरं वाटलं. रोडगे म्हणजे नवस, नवस म्हणजे मारोती, सापडले लेकाचे. ते मागच्या सतरंजीवर टेकले.

पद्धत अशी होती की गोल बसायचं आणि ज्याला वाटेल त्याने आपला आठवडा सांगायचा. तीन मिनिटं. व्याख्यान नाही, सल्ला नाही. एका मास्तरणीने बदलीचं सांगितलं, एका पोराने नापास झाल्याचं. शेखर मधे बसून ऐकत होता. एवढंच करत होता. शेषरावांना हे कामचुकारपणाचं वाटलं.

मग सत्यवतीबाई बोलल्या. बसल्या बसल्याच, पदर सारखा करत.

"मले संध्याकाळी भेव वाटते. लीला गेली तवापासून. दिवा लावाची वेळ झाली का साऱ्या खोल्यांतले लाइट लावत फिरतो. घरी ह्यायले सांगतलं, तं हे म्हणे, भेव म्हणजे मेंदूतलं रसायन. असंन बाप्पा. पण ते रसायन मलेच काहून चढते, तेवढं काही सांगतलं नाही."

लोक हसले. त्याही हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. शेखर म्हणाला, "हो, काकू."

बस. हो, काकू. शेषराव वाट पाहत राहिले की पुढे काहीतरी येईल: कारण, उपाय, निदान एखादं उदाहरण. काही आलं नाही. आणि सत्यवतीबाईंचा चेहरा तर असा झाला होता, जसं कोणीतरी त्यांच्या डोक्यावरचा भारा उतरवून खाली ठेवला. त्या 'हो'मध्ये काय होतं? अक्षर एक. कोणीही म्हणू शकलं असतं. शेषराव तर त्यापेक्षा कितीतरी जास्त बोलले होते. रसायनाचं नावसुद्धा सांगितलं होतं.

इतका हेवा त्यांना शेखरच्या साठ माणसांचाही वाटला नव्हता.

तेवढ्यात रोडगे निघाले. मारोतीचा पहिला रोडगा आता बाजूला काढतील म्हणून शेषरावांनी मान उंच केली. शेखरने राख झटकून पहिला रोडगा फोडला, तुपात बुडवला आणि ताटली घेऊन सरळ मागच्या सतरंजीकडे चालत आला.

"आपल्यात पयला रोडगा देवाले नाही, नव्या माणसाले राह्यते. घ्या काका."

"नको. पोट भरलेलं आहे," शेषराव दुपट्ट्यातून म्हणाले.

"नाही म्हणता येत नाही काका. तुमी खाल्ल्याबिगर कोणीच खाणार नाही. लेकरं भुकेली आहेत."

साठ माणसं वळून पाहू लागली. एक लहान पोरगी म्हणाली, "सोडा ना जी दुपट्टा." दुपट्ट्यातून रोडगा खाण्याची युक्ती विज्ञानाने अजून शोधलेली नाही. शेषरावांनी चष्मा काढला. मग गाठ सोडली.

"अवं माय," सत्यवतीबाई म्हणाल्या, "हे तं आमचे मास्तर!"

"सर!" शेखर ताटलीसकट वाकला.

"काहून आले?" सत्यवतीबाईंनी तिथूनच विचारलं.

"निरीक्षणाला."

"तोंड बांधून?"

"ऊन होतं."

"ऊन तं कालबी होतं. संगं आले असते तं मले बरणी उचला लागली नसती."

मेळा खळखळून हसला. शेषरावांनी रोडगा खाल्ला. तो उत्तम होता, आणि याचंही त्यांना वाईट वाटलं.

रात्री दोघं आरतीकडे राहिले. सोमवारी सकाळच्या एसटीत सत्यवतीबाई खिडकीशी, शेषराव शेजारी. मूर्तिजापूर आलं. बोलायचं एकच होतं आणि ते शेषरावांना एका अक्षरात जमत नव्हतं.

"माझ्या बैठकीला तू एकोणीस वर्षांत आली नाहीस."

"बलावलं कधी?"

"बोलवायचं काय त्यात? सर्वांना खुली आहे. मी तुझ्यावर माझे विचार लादले नाहीत."

"चहा लादला ना," सत्यवतीबाई म्हणाल्या. "दर रविवारी बारा कप. मी समजली का माहं काम तेवढंच."

शेषरावांकडे याचं स्पष्टीकरण होतं. तीन मुद्द्यांत मांडता आलं असतं. त्यांची तर्जनी अर्धी वर गेलीही. मग ती त्यांनी समोरच्या सीटच्या दांडीवर ठेवली.

"येत्या रविवारी येशील?"

"येऊन काय करू? तुमीच बोलसान."

"नाही बोलणार."

"बाप्पा! पाह्यतो मंग," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

रविवारी त्या आल्या. अबोली साडी नव्हती, पण आल्या. दुसऱ्या रांगेत बसल्या. शेषराव उभे राहिले, खिशातले कागद खिशातच ठेवले आणि म्हणाले, "आज कोणाला काही सांगायचं असेल तर सांगा."

अकरा माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. पाच मिनिटं गेली. सवयीने नत्थुजींची झोपायची वेळ झाली. पण खोलीत एवढी शांतता होती की त्यांना झोप लागेना.

"मी सांगू काय?" ते म्हणाले. "मी इथं भाषण ऐकाले येत नाही. रविवारी सकाळी घरचे सगळे शेतात जातात. एकटं राह्यलं का मले बुडीच्या, आमच्या घरवालीच्या, बांगड्या वाजल्यासारख्या वाटतात. बुडी जाऊन बावीस वर्सं झाली. इथं निदान मास्तरचा आवाज राह्यते. झोप येते."

शेषरावांना सांगायचं होतं की हा श्रवणभ्रम आहे. त्यांनी ओठ मिटले. मग फार प्रयत्नाने, तोंडात पाणी धरून ठेवल्यासारखं एक अक्षर जुळवलं. ते बाहेर येणार, एवढ्यात नत्थुजींच्या मागून सत्यवतीबाई म्हणाल्या, "हो, भाऊजी."

नत्थुजी वळले, खुर्ची ओढत ओढत दुसऱ्या रांगेत गेले आणि सत्यवतीबाईंना बुडीबद्दल सांगू लागले. बाकीचेही आपापल्या खुर्च्या तिकडे सरकवू लागले. शेषराव टेबलामागे एकटे उभे राहिले. शेखरला सोडून आता त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाचा हेवा करत.

साडेदहाला सुटणारी बैठक बारा वाजता सुटली. व्याख्यान झालं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.