गॅलरीतून उतरलेलं कपाट

वडील गेल्यावर आई आणि मी गिरगावातल्या त्याच दोन खोल्यांत काकांच्या कुटुंबाबरोबर राहत राहिलो. खोल्या आधी दोघा भावांच्या होत्या, वडिलांमागे त्या आपोआप काकांच्या झाल्या. काका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. माणूस वाईट नव्हता, पण आईशी थेट बोलत नसत. जे सांगायचं ते काकूला सांगत, मग आई तिथेच उभी का असेना. आई मुलींच्या शाळेत शिकवायला लागली, नोकरीत कायम झाली, आणि मी मॅट्रिक झाले त्या वर्षी तिने परळच्या एका चाळीत खोली घेतली. घरात सांगितलं ते सगळं ठरल्यावर.

काकांनी काकूला सांगितलं की जायचंच असेल तर हातगाडी करा आणि दिवेलागणीनंतर न्या, चार लोक नाही नाही ते विचारतील. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सामान सकाळी जाईल, वहिनी. आणि लॉरीतून जाईल."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन रे रोडला गेली. लाकडाच्या वखारींपाशी भाड्याच्या लॉऱ्या उभ्या असत. तिथला मालक मालवणकडचा होता. त्याने आधी आमच्या मागे कोणी पुरुष येतोय का ते पाहिलं, मग घरातल्या माणसाला पाठवायला सांगितलं. आई म्हणाली, ठरवायला मीच आलेय. बाकावर बसली आणि काय काय न्यायचं ते सांगायला लागली. ट्रंका, लोखंडी खाट, शिवणयंत्र, पुस्तकांची खोकी. शेवटी कपाट.

हे कपाट सागवानी, वडिलांनी लग्नाआधी करवून घेतलेलं. वर आणलं तेव्हा जिना मोकळा होता. पुढे घरमालकाने वळणावर मोरी बांधली आणि जिना निम्मा राहिला. वडिलांमागे त्या कपाटात काकांचे कोट लटकू लागले होते.

ठरल्या सकाळी लॉरी आली. हमालांनी बाकीचं सामान भराभर खाली नेलं. मग त्यांचा मुकादम जिन्यापाशी गेला, हाताने माप घेतलं आणि परत येऊन म्हणाला की इथून हे जात नाही. काका दारातच होते. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. काकूला म्हणाले, "सांग तिला, राहू दे इथंच. आम्ही नीट सांभाळू."

काकू कपाटाशी गेली, दार उघडलं आणि काकांचे कोट एकेक काढून पलंगावर ठेवायला लागली. सगळे काढून झाल्यावर म्हणाली, "कपाट त्यांचं आहे." लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तिने काकांच्या शब्दाबाहेर जाऊन केलेली ती पहिली गोष्ट असावी. आईने तिच्याकडे पाहिलं. दोघीही रडल्या नाहीत.

मुकादम म्हणाला, गॅलरीतून दोराने सोडता येईल. कठड्याच्या दोन फळ्या काढाव्या लागतील, पण खाली दोर धरायला आणखी माणसं हवीत, नाहीतर कपाट भिंतीवर आपटेल. चाळीतले बरेचसे पुरुष कामाला गेले होते. उरलेले काकांकडे बघत उभे होते.

खाली चौकात त्या दिवशी मोर्च्यासाठी पोरं जमत होती. हातात झेंडे, पुठ्ठ्याचे फलक. घोषणा सुरू झाल्या होत्या. आई गॅलरीच्या टोकाला गेली आणि शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, "मुलांनो, जरा इकडे या. दोर धरायचाय."

त्या घरात तिचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता. पोरं निमूट आली. झेंडे भिंतीला टेकवून ठेवले.

आमच्या गोधड्या कपाटाला गुंडाळल्या, वरून काथ्याचे दोर आवळले. मुकादम वरून "सोड, सोड, धर" असं सांगत होता. कपाट कठड्याबाहेर गेलं आणि गरकन फिरलं. खालच्या पोरांनी दोर ताणून ते सरळ केलं. मजल्यामजल्यावरच्या बायका पोळ्या टाकून गॅलरीत आल्या. तळमजल्यावरचा न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट बाहेर आला. कपाट एका खिडकीवरून, मग दुसऱ्या खिडकीवरून खाली गेलं आणि फरशीवर अलगद टेकलं.

मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, ही घोषणा तेव्हा रोजच कानावर पडायची. त्या पोरांतल्या एकाने तिचीच चाल धरून आरोळी दिली, "कपाटासह बिऱ्हाड गेलंच पाहिजे!" सगळा चौक ओरडला. वरच्या बायकाही ओरडल्या. आईला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती कठड्याला टेकून हसत राहिली.

आम्ही खाली उतरलो तेव्हा काकाही मागून आले. लॉरीपाशी थांबले, घसा साफ केला आणि आईकडे बघून म्हणाले, "पोचल्यावर निरोप पाठवा." आई म्हणाली, "पाठवते, भाऊजी. तुम्ही या वहिनींना घेऊन."

मी मागे सामानात बसेन म्हणत होते, पण आईने मला पुढे ड्रायव्हरशेजारी आपल्याजवळ बसवलं. चिंचपोकळीचा पूल चढताना तिने काच खाली केली आणि कोपर बाहेर टेकवलं, एखाद्या मालकासारखं. लालबागच्या रस्त्याने ती दोन्हीकडे बघत होती. कुठली गिरणी कुठली, ते ड्रायव्हर सांगत होता. ती त्याला उलटे प्रश्न विचारत होती.

परळच्या चाळीतला जिना रुंद होता. कपाट सरळ वर गेलं आणि त्याने अर्धी खोली खाल्ली. शेजारीण पाण्याची कळशी घेऊन आली, घरात माणसं किती ते विचारलं. आम्ही दोघी, असं आईने सांगितलं. हमाल चहा पिऊन गेले.

मग आईने दाराला कडी लावली, वळकटीतली सतरंजी ओढून काढली आणि भर दुपारी झोपली. तिला दुपारी झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. मी ट्रंकेवर बसून राहिले, भांड्यांचाही आवाज केला नाही. उन्हं कलल्यावर तिने डोळे उघडले, किती वाजले ते विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कूस बदलली.