थर्मासमधला बर्फ

थर्मासचं झाकण फिरवलं की आजही ती दुपार आठवते. वडिलांच्या डायलिसिसची गळ्याजवळची नळी रक्ताच्या गुठळीने बंद पडली होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मी उल्हासनगरहून थर्मासात बर्फ घालून अंबरनाथच्या हॉस्पिटलात आणलं. "ठंडा ही रखना," तिथल्या औषधाच्या सिंधी दुकानदाराने दोनदा बजावलं होतं. मी डॉक्टरांना शोधायला गेलो, तेवढ्यात आईने बर्फ ओतून टाकून थर्मासात चहा भरला आणि औषधाची बाटली खिडकीत उन्हात ठेवली. परत आलो तेव्हा बाटली गरम झाली होती; दुसरी कुठेच मिळत नव्हती, म्हणून मी सिस्टरला काही न सांगता तीच दिली. सिस्टरने औषध नळीत सोडलं, अर्ध्या तासाने सिरिंज ओढली, पण रक्त आलंच नाही. "औषध जुनं होतं का रे?" आईने विचारलं. मी "हो" म्हणालो. शेवटपर्यंत ती त्या दुकानदाराला शिव्या देत राहिली, आणि मी देऊ दिल्या.