धाकटीने शिवलेला कोट

माझ्या पाठीमागे लोक मला 'उसवे मास्तर' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण मला ठाऊक आहे. शिंप्याला उसवण्यावरून नाव पडावं, यातच सगळं आलं. तरी आज सांगायचंय ते धाकटीबद्दल. माझ्याबद्दल मधेमधे येईलच; टाळता आलं असतं तर मी ते कधीच टाळलं असतं.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. अकरा वर्षं ती माझ्या दुकानात खिडकीखालच्या स्टुलावर बसून हातशिलाई करायची. काजं, बटणं, अस्तर, सगळं तिच्याकडे. बोलकी इतकी, की माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक घरच्या चार गोष्टी सांगूनच उठायचं. एका जाड्या बाईंना ती वर्षभर सांगत होती की तुमची कंबर आहे तेवढीच आहे, आमचा टेपच आटलाय. बाई खूश होऊन दर महिन्याला नवं काम आणायच्या. मी मात्र खरा आकडा मोठ्याने वाचायचो.

आता माझं. मला ज्यांनी हे काम शिकवलं ते उस्ताद एकदा म्हणाले होते, कपडा आतून असा शिवावा की उलटा घातला तरी कुणाला कळू नये. आयुष्यात एकदाच म्हणाले असतील, तेही बहुधा सहज. मी ते उराशी धरून बसलो. दुकानात कुठलाही कपडा तयार झाला की मी आधी तो उलटा करायचो आणि टाका जरा तिरका दिसला की टाके काढायची आकडी घालून अख्खी शिवण उसवायचो. मग "पुन्हा" एवढंच म्हणायचं. आवाज चढवायचा नाही, हा माझा मोठेपणा! या 'पुन्हा'पायी तीन कारागीर गेले. त्यातला एक शेजारच्या गल्लीत दुकान टाकून बसलाय. मी दिसलो की शटर अर्धं खाली ओढतो. बायको म्हणायची, अहो, माणसं आहेत ती, मशिनं नव्हेत. मी म्हणायचो, मशीनसुद्धा चुकतं, म्हणून तर मी बसलोय. काय ती मिजास!

धाकटी टिकली. बहीण म्हणून टिकली, हे आता कळतं. तेव्हा वाटायचं, माझ्या हाताखाली तयार झाली म्हणून टिकली. शेवटच्या दोन वर्षांत तिचा हात कापायला लागला. सुईत दोरा ओवायचा तर चार-चारदा चुकायचा. डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं, काही नाही म्हणाले. मी तिला चष्मा बदलायला सांगितलं. मग सकाळी ती यायच्या आधी तिचे आदल्या दिवशीचे टाके उसवून मी स्वतः घालायला लागलो, तिला कळू न देता. वाटायचं, मी किती सांभाळून घेतोय. तिचं बोलणं तेवढं कमी झालं, गिऱ्हाइकांशीसुद्धा.

मला साठ पूर्ण झाली त्या दिवशी दुपारी, दुकानात कुणी नसताना, तिने कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढे ठेवलं आणि उगाच हातातलं काम खालीवर करत बसली. आत कोट होता. गडद राखाडी, उंची कापडाचा. उभ्या आयुष्यात मी स्वतःसाठी कोट शिवला नव्हता. मनासारखा होईल याची खात्री नाही, म्हणून कापडाला कात्रीच लावली नव्हती. हे मी तिला कधीतरी बोललो असणार. बायकोकडून माझा जुना सदरा मापाला नेऊन, घरी बसून, तीन महिने ती तो कोट शिवत होती.

यातलं काहीही माझ्या डोक्यात आलं नाही. कोट हातात आला आणि मी तो उलटा केला. डाव्या बाहीला, खांद्याच्या जोडापाशी, अस्तराचे टाके तिरके गेले होते. आकडी कधी उचलली ते शपथेवर सांगतो, मला आठवत नाही. चार बोटं शिवण उसवली आणि म्हणालो, "पुन्हा."

ती म्हणाली, "दादा, तो तुझा आहे. तुझ्यासाठी शिवलाय."

मी वर बघितलं. ती रडत नव्हती. भर रस्त्यात पाय घसरून पडलेलं माणूस, कुणी बघितलं तर नाही ना, असं इकडेतिकडे बघतं, तशी ती बघत होती. लाज वाटायला हवी होती मला, वाटत होती तिला. तिने सुई टोचून ठेवली, चपला घातल्या आणि निघाली. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "अगं, बाकी बरा जमलाय." आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तीन आठवडे ती आली नाही. फोन केला की मेहुणे उचलायचे, कामात आहे म्हणायचे. बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. त्या जाड्या बाई आल्या, रिकामं स्टूल बघितलं आणि माप न देताच गेल्या. बाही शिवायला मी दोनदा सुई घेतली. पण माझे टाके पडले तर तो तिचा कोट राहणार नव्हता, एवढं माझ्यासारख्या दगडालाही कळलं. शेवटी एका रविवारी सकाळी, उसवलेल्या बाहीसकट तो कोट अंगात घालून मी तिच्या चौथ्या मजल्यावर चढलो.

दार तिनेच उघडलं. चुकलो, म्हणालो. हा शब्द काढायची सवय नव्हती. उद्यापासून ये म्हणालो आणि ही बाही तूच शिव म्हणालो. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि किंचित हसली. अंगात बसलाय की, म्हणाली. खरंच बसला होता. खांद्यावर एक सुरकुती नव्हती. ते मी तोवर बघितलंच नव्हतं.

"दे इकडे," ती म्हणाली. "पण तू जिन्यात थांब."

"का गं?"

"तू बघत असलास की माझा हात कापतो. घरी नाही कापत."

मी जिन्यात उभा राहिलो. आतून तिचा आवाज येत होता. मेहुण्यांची कसलीशी थट्टा चालली होती, पूर्वी दुकानात चालायची तशी. दहा मिनिटांत ती कोट घेऊन आली आणि तिनेच तो माझ्या अंगावर चढवला, कॉलर नीट केली. उद्या येते म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "उसवायचं असेल तर माझ्यासमोर उसव, दादा. मी यायच्या आधी नको."

म्हणजे तिला दोन्ही वर्षं माहीत होतं. मला मान वर करवेना. नाही उसवणार, म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. जिना उतरताना अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या मजल्यावर खिडकी होती, उजेड चांगला होता. मी थांबलो. कोट काढला, बाही उलटी केली आणि टाके उजेडात धरले. वाईट हेतू नव्हता, नुसतं बघत होतो. टाके एकसारखे, उस्तादांना दाखवावेत असे. आनंदाने मान वर केली तर वरच्या कठड्यावरून वाकून धाकटी बघत होती. मला हात करायला आली असावी.

"किती सुरेख आलेत बघ," मी खालून ओरडलो.

ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी दुकान तासभर लवकर उघडलं आणि संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसलो. त्याला आता दोन वर्षं झाली. ती घरीच लोकांचे कपडे शिवते. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिच्याकडे जातात, त्या बाईसुद्धा. बायको तिला भेटून येते आणि सांगते, की तिचा हात अजिबात कापत नाही.