पुस्तकातला आजोबा हसतो

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढली ती मी. हे मी कुठेही सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढायचे, आईला सहीसुद्धा येत नव्हती. मी बी. ए. केलं, परीक्षा दिली, जळगावला पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागले आणि चाळिशी उलटल्यावर कादंबऱ्या लिहायला लागले. त्या मोठ्यांसाठी नाहीत. आठवी ते बारावीच्या पोरापोरींसाठी आहेत.

हे कळलं की लोकांचा चेहरा जरा सैल पडतो. ऑफिसातले एक साहेब दर दिवाळीला विचारतात, "मॅडम, मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" म्हणजे मी अजून रांगतेय, उभी राहिले की खरं लिहीन, असा त्यांचा हिशेब. वाचनालयात माझी पुस्तकं ससा-कासवाच्या कपाटात असतात. पंधरा वर्षांची मुलगी त्या कपाटाकडे फिरकेल का? तिला तो अपमान वाटतो. मी ग्रंथपालांना दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मग ठेवू कुठे, तुम्हीच दाखवा." मला दाखवता आलं नाही.

खरी अडचण मात्र कपाटाची नव्हती, माझ्या वयाची होती. पहिल्या कादंबरीत माझी नायिका मैत्रिणीला मिस्ड कॉल देते. ते वाचून धुळ्याहून माझ्या भाचीने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने, व्हॉइस मेसेज पाठवला. टाइप करायचा तिला कंटाळा. "फुई, मिस्ड कॉल आता फक्त पप्पा देतात." आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ती तेव्हा आठवीत होती. तेव्हापासून प्रत्येक प्रकरण आधी तिच्याकडे जायचं, मग प्रकाशकाकडे. तिची उत्तरं तोंडावर मारल्यासारखी यायची. "इथे ती रडते ते खोटं आहे. आम्ही रडत नाही, ब्लॉक करतो." "ही आई एवढं शांत कसं बोलते, आजारी आहे का?" मी चिडायचे, ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मेसेज पुन्हा ऐकायचे आणि घरी जाऊन वाक्य बदलायचे. पुण्याचे प्रकाशक म्हणायचे, तुम्हाला या वयाची भाषा बरोबर सापडली आहे. मी त्यांना कधी सांगितलं नाही की ती मला दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर येते.

दहावीला तिला चांगले मार्क पडले. तिला जळगावला माझ्याकडे राहून अकरावी सायन्स करायचं होतं. भाऊ आधी "बघू" म्हणाला, मग "हो" म्हणाला. ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळाभर लांबल्या. ती रोज यादी उघडायची आणि मला लिहायची, "अजून नाही." तेवढा एकच मेसेज ती टाइप करायची.

त्याच दिवसांत मी नवीन कादंबरीचा शेवट लिहिला. तो कानबाईवर होता. खानदेशात श्रावणात कानबाई ही देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, भाऊबंद एका घरी जमतात आणि घराण्यात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू सुपात घेतात. काल जन्मलेल्या पोराचीही मूठ धरतात. बाईची धरत नाहीत, पोरीची धरत नाहीत. मी लहानपणापासून ते पाहत आले आणि कधी काही विचारलं नाही. माझ्या नायिकेने विचारलं. ती सुपाजवळ बसली, आपली मूठ पुढे केली आणि म्हणाली, "आता माझी." मग आजोबा हसला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वतःच्या हाताने तिच्या नावाची मूठ सुपात टाकली.

एका बैठकीत लिहिलं ते. इतकं सरळ उतरलं की मी उठून दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो प्यायचा राहिला. प्रकाशक म्हणाले, हाच प्रसंग मुखपृष्ठावर घेऊ, मुठीतून गहू सांडताहेत असं चित्र काढून घेऊ. भाचीचं उत्तर या वेळी फक्त एवढंच आलं, "भारी आहे." तिने चूक काढली नाही याचा मला आनंद झाला. तेव्हा मला शंका यायला हवी होती.

आमच्या भाऊबंदांत कानबाई जुन्या धुळ्यात आबांकडे बसते. आबा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, आता घराण्यात सगळ्यांत वडील. मी लग्न होऊन बाहेर पडलेली, गहू मोजायला मी नसते. त्यामुळे तिथे काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात, भावाच्या फोनवरून कळलं.

"अक्का," तो म्हणाला, "तुना पुस्तकनी आमना घरमा आग लाई दिन्ही."

भाऊ एरवी माझ्याशी बाजारातली मराठी बोलतो. अहिराणीवर आला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. चुलतभावाच्या तीन महिन्यांच्या पोराची मूठ धरून झाली, तेवढ्यात भाची पुढे झाली, तिने गोणीतून मूठ भरून सुपात टाकली आणि म्हणाली, "आता माझी." शब्दसुद्धा माझेच; फुईच्या पुस्तकातले, हे तिनेच नंतर घरी सांगितलं. आबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी सूप उचललं, सगळे गहू परत गोणीत ओतले आणि पहिल्या नावापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली. निवडलेले गहू बायकांना पुन्हा निवडावे लागले. एक काकू म्हणाली, "इले जळगावनी हवा आत्तेच लागनी, तठे गयी तं काय व्हई?" आणि सगळ्या हसल्या.

"तू जळगावले बसीसन लिखस," भाऊ म्हणाला. "आठे बठ्ठास्नं ऐकनं पडस मले." सगळ्यांची बोलणी तो एकटा खात होता. मग तो मराठीत आला, आणि ते जास्त लागलं. "ते पान काढून टाक, अक्का. पुस्तक आलं आणि आबांच्या हाती पडलं तर मला त्या घरी तोंड दाखवता येणार नाही. तू ते काढ, मी पोरीला पाठवतो. नाहीतर तिला धुळ्यातच आर्टला घालतो."

"तिचा फोन कुठे आहे?" मी विचारलं.

"माझ्याकडे."

त्याच संध्याकाळी नव्या फेरीची यादी लागली. तिला जळगावला सायन्स मिळालं होतं. जागा पक्की करायला शुक्रवारपर्यंत मुदत होती.

मला बसवेना. घरात फिरले, गच्चीवर गेले, खाली आले. नवरा म्हणाला, "एक पान आहे. पोरीच्या आयुष्यापेक्षा मोठं आहे का?" तो बरोबर बोलत होता आणि मला त्याचा राग येत होता. पान पुन्हा लिहिता येतं, अकरावी पुन्हा येत नाही. मी प्रकाशकांना फोन केला, शेवट बदलायचाय म्हटलं. ते म्हणाले, चित्र काढून झालंय, असं ऐनवेळी कसं करता? मी म्हटलं, करावं लागेल.

मग वहिनीच्या फोनवर भाचीला गाठलं आणि पान काढतेय म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल.

"काढतेयस?" ती म्हणाली.

"काढते. तू जागा पक्की कर. बाकीचं मी बघते."

मागे मिक्सर चालू होता. तो थांबल्यावर म्हणाली, "फुई, तुझा आजोबा हसतो. आमचा नाही हसला."

"हो गं, माझं चुकलंच ते."

"मी तिथे थांबले ना, तो हसायची वाट बघत. मला वाटलं, आता हसतील, आता हसतील. त्यांनी सूपच उचललं." मग म्हणाली, "आणि आता तू ते पानच काढलंस, तर मी एकटीच येडी ठरते."

माझं वय पन्नासच्या जवळ आहे, मूठ पुढे करायची हिंमत मला कधी झाली नव्हती. ती मी एका कागदी पोरीला फुकटात देऊन टाकली, वर आजोबाही हसवला, म्हणजे पुस्तक मिटताना बरं वाटेल. मोठ्या माणसाने असं वाचलं तर तो म्हणतो, छान आहे, आणि झोपतो. सोळा वर्षांच्या पोरीने तो सल्ला म्हणून घेतला. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्यांना ही धास्ती नसते. त्यांचा वाचक पुस्तकातलं ऐकून काही करायला जात नाही.

बुधवारी मी रजा टाकली आणि धुळ्याची एस.टी. धरली. एरंडोलपर्यंत ठरवलं, पान काढायचं आणि विषय संपवायचा. पारोळ्यापर्यंत ठरलं, काढायचं नाही, भावाशी भांडायचं. धुळे आलं तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. पिशवीत कादंबरीचं शेवटचं प्रकरण होतं, छापून आणलेलं.

भावाचं पारोळा रोडवर मोटारसायकलच्या पार्टचं दुकान आहे. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्याने स्टूल दिलं, चहा सांगितला आणि काउंटरवरचे नट-बोल्ट उगाच वेगळे करत बसला.

"काढलं का?" त्याने विचारलं.

"नाही. आधी तू ऐक. मग सांग काय काढायचं ते."

"मला पुस्तकातलं काय कळतं?"

"यातलं कळेल. तू होतास तिथे."

त्याने आजवर माझं एकही पुस्तक वाचलेलं नाही. मलाही त्याला वाचून दाखवावंसं कधी वाटलं नव्हतं, हेही खरं. मी सुरू केलं. तो ऐकत होता. सुपापाशी आले तेव्हा त्याने नट-बोल्ट ठेवून दिले. आजोबा हसला तिथे तो नाकातून हसला, चांगलं नव्हे असं.

"आबा असा हसेल कधी?" तो म्हणाला. "त्याला हसताना मी पाहिलाय, नगरपालिकेला निवडून आला तेव्हा. त्यानंतर नाही."

"माहीत आहे. ते बदलायचंय."

"ते राहू दे." त्याने कागद माझ्या हातातून घेतला. वाचत नव्हता, नुसता बघत होता. "पोरना बाप कोठे शे याम्हा?"

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. मग मी पानं चाळली. सूप होतं, आजोबा होता, काकवा होत्या, तान्हं पोरगं होतं. पोरीचा बाप कुठेच नव्हता. मी त्याला लिहिलाच नव्हता. मला त्याची गरज पडली नव्हती.

"मी तठेच उभा व्हतू," भाऊ म्हणाला. "दाराजवळ. तिने माझ्याकडे पाहिलं. आबाने सूप उचललं तेव्हा आबाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं सांगू? घड्याळाची पट्टी सैल झाली होती, ती नीट केली."

चहावाला आला, दोन ग्लास ठेवून गेला. भावाने एक माझ्याकडे सरकवला. त्याच्या शेजारच्या दुकानात कोणीतरी हॉर्न लावून बघत होतं, पुन्हा पुन्हा.

"लिहायचं असेल तर तेही लिही," तो म्हणाला.

"आबा वाचतील."

"वाचू दे. त्याने तर मला पाहिलंच आहे उभा असलेला." मग ग्लास रिकामा झाल्यावर विचारलं, "कॉलेजला आईबाप दोघं लागतात का? का एक चालतं? तुझ्या वहिनीला शाळेतून सुट्टी मिळत नाही."

"एक चालतं," मी म्हटलं.

त्याने गल्ल्यातून मुलीचा फोन काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "तूच दे तिला. मी दिला तर बोलणार नाही माझ्याशी."

गुरुवारी ते दोघं जळगावला आले. भावाने गादीची वळकटी स्वतः खांद्यावर घेतली होती, मला उचलू दिली नाही. प्रवेश पक्का झाला. बस स्टँडवर त्याने मुलीला सांगितलं, "फुईच्या घरी भांडी घासायला लाजू नको," आणि मला सांगितलं, "घासायला लावू पण नको." मग गेला. मुलगी त्याच्याशी बोललीच नाही, पण गाडी सुटेपर्यंत उभी राहिली.

मी शेवट पुन्हा लिहिला. आता आजोबा सूप उचलतो, गहू गोणीत ओततो आणि पहिल्या नावापासून सुरू करतो. दाराशी बाप उभा असतो, मनगटावरची पट्टी आवळत. मुलगी त्याच्याकडे बघते. पुढे काय होतं ते मी लिहिलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं. प्रकाशकांनी वाचून कळवलं की शेवट मुलांसाठी जरा जड झाला आहे, निदान एक आशेचं वाक्य तरी टाका. मी टाकलं नाही. मुखपृष्ठावरची मूठ तेवढी राहिली.

छापायला जाण्याआधी, सवयीने, ते प्रकरण मी भाचीपुढे ठेवलं. ती आमच्या पुढच्या खोलीत फिजिक्स घेऊन बसली होती. तिने कागद उलटे करून परत माझ्याकडे सरकवले.

"पुस्तक आलं की वाचीन, फुई. आधी नको."

"का? एवढी वर्षं तूच तर चुका काढल्यास."

"तेव्हा काढत होते." तिने पेनचं टोपण लावलं, काढलं. "आता मी जे काही करीन ना, ते मला माझ्या डोक्यानं आधी करू दे. मग तू लिही, पाहिजे तर."

मी कागद उचलले आणि स्वयंपाकघरात गेले. वाक्यं तीच होती, पण ती बरोबर आहेत की नाही हे आता मला कोणीच सांगणार नव्हतं. त्या पानावरची मुलगी त्या वयाची वाटते का, की पन्नाशीच्या बाईसारखी बोलते, कोण जाणे. मी ते पुन्हा वाचलं, एक शब्द खोडला, तोच पुन्हा लिहिला. बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज आला, "फुई, तुमच्याकडे वायफाय एवढं स्लो का आहे?" मी म्हटलं, बघते.